आप्पांची शुक्रवारची सभा

सभेत माईकवाल्याकडे कुणी बघत नाही. बघायला लागले, तर समजावं काहीतरी बिघडलंय. मिसरूड फुटलं तेव्हापासून डोकं पांढरं होईपर्यंत मी भिवंडीत लाऊडस्पीकर लावले. लग्नं, बारशी, जयंत्या, उरूस, गणपती, सगळं केलं, पण माझं घर चाललं ते पुढाऱ्यांच्या घशावर. पुढारी कधी निवृत्त होत नाहीत, त्यामुळे आमचा धंदाही कधी बसला नाही. आता माझ्या मुलानं भोंगे भंगारात काढले आणि पुरुषभर उंचीचे डबे आणले. त्यांच्यातून आवाज निघाला की काळीज हलतं, पण शब्द एक कळत नाही. हल्लीच्या भाषणांना ते बरंच आहे म्हणा.

दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा म्हटल्यावर मला आप्पाच आठवले. आप्पा आमच्या भागाचे नगरसेवक. किती वेळा निवडून आले हे त्यांच्या घरच्यांनाही बोटं मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही. शेतकऱ्याच्या घरातला माणूस, शिक्षण बेताचं, बोलणं गावाकडचं. गटार तुंबलं, मयताला लाकडं हवीत, पोराला शाळेत घेत नाहीत, काहीही असो, लोक आधी आप्पांच्या ओटीवर येऊन बसायचे. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट मनापासून हवी होती, ती म्हणजे आमदारकीचं तिकीट. दर खेपेला त्यांचं नाव गावभर व्हायचं, वाजतगाजत मुंबईला जायचं आणि मुंबईहून दुसऱ्याचंच नाव परत यायचं. आप्पा मग त्या दुसऱ्याच्या प्रचाराला लागायचे. माईक अर्थातच माझा.

बाहेरच्या वाचकाला भिवंडीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हे यंत्रमागांचं गाव. आम्ही लूम म्हणतो. गल्लोगल्ली लूमची खटखट चालू असते. आम्ही ती जन्मापासून ऐकतो म्हणून आम्हाला ऐकू येत नाही, पण माईकला येते. नाक्यावर सभा लावली की भाषण दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत विरून जातं. पुढारी काय बोलला हे पलीकडच्या मोहल्ल्याला दुसऱ्या दिवशी पेपरात कळतं आणि तोवर पुढारी म्हणायला मोकळा, की मी असं बोललोच नव्हतो. लूमनी या गावातली निम्मी भांडणं अशी गिळलेली आहेत.

शुक्रवारी मात्र लूम बंद. कामगारांची सुट्टी, आणि वीजही त्या दिवशी बंद ठेवलेली असते. एवढं मोठं गाव एकदम गप्प होतं. एका टोकाला कुणी खाकरलं तर दुसऱ्या टोकाला कळतं. म्हणून आप्पांनी शुक्रवारी कधी सभा घेतली नाही.

"शुक्करवारी बोललेला शब्द परत घेता येत न्हाय, गौतम," ते मला म्हणायचे.

भोंगा लावणं म्हणजे नुसता बांबूला बांधणं नव्हे. त्याचं तोंड कुठं, याला महत्त्व. एकदा वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात मी भोंगा बांधला आणि एक म्हातारी तावातावानं आली. म्हणाली, "तुझा भोंगा वाजला का माझी म्हस लाथा झाडते. सकाळपासून थेंब दिला न्हाय तिनं. तू दूध देनार हायेस का?" कार्यकर्ते हसले. आप्पा हसले नाहीत. "माय, मी मतं मागाया आलोय, दूध द्याया न्हाय. गौतम, भोंगा फिरव," म्हणाले, आणि म्हैस शांत होऊन धार निघेपर्यंत सभा थांबवून ठेवली. त्या गावात त्यांच्या पक्षाला तोवर कुणी विचारत नव्हतं, पुढं विचारू लागलं.

आप्पांची दुसरी खोड म्हणजे शिव्या देणाऱ्याला माईक द्यायची. पाण्याची बोंब होती त्या उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन सभेत शिरल्या आणि स्टेजपुढं हंडे बडवायला लागल्या. फौजदार पुढं सरसावला. आप्पा खाली उतरले, माझ्या हातातून माईक घेतला आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या बाईच्या हातात ठेवला. बाईनं दोन शब्द सुनावले, स्वतःचाच आवाज भोंग्यातून ऐकला आणि लाजून पदर सावरला. मग ती नीट बोलली, आणि काय हवंय ते सगळ्यांना कळलं. "माईकवर शिवी देता येत न्हाय," आप्पा मला नंतर म्हणाले, "माईकवर मानूस शाना होतो." हे मी पुढं पुष्कळदा खरं होताना पाहिलं. अपवादही पाहिला, तोच पुढं सांगतो.

आणि तिसरी गोष्ट फ्यूजची. ही धंद्यातली चोरटी गोष्ट आहे, पण आता सांगायला हरकत नाही. एखादा वक्ता माईकला चिकटला, लोक उठायला लागले, की आप्पा खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा चोळायचे. मी हळूच मशीनचा, म्हणजे ॲम्प्लिफायरचा, फ्यूज ओढायचो आणि ओरडायचो, "जनरेटर बसला! जनरेटर बसला!" की तिकडं इक्बाल लगेच जनरेटरला लाथ घालायचा, हँडल हातात घेऊन कपाळ पुसायचा. वक्ता दोन मिनिटं ताटकळून खाली बसला, की फ्यूज पुन्हा आत. इक्बालचं हे नाटक इतकं झकास असायचं की मलाही क्षणभर खरं वाटायचं.

इक्बाल माझा धंद्यातला जोडीदार. भोंगे माझे, जनरेटर त्याचा. बाप आझमगडहून लूमवर आलेला, पण याला लहानपणापासून इंजिनाचा नाद. मी जवळच्या शेलार गावचा, बौद्धवाड्यातला. आमची जोडी कशी जमली असं लोक विचारायचे, त्याला उत्तर एकच, दोघांनाही वेळेवर पोचायची सवय होती. या धंद्यात तेवढं पुरतं.

एक रिवाजही सांगायला हवा, कारण त्यावरच पुढचं सगळं आहे. सभा चालू असताना अजान झाली, की बोलणारा थांबायचा. मी आवाज खाली घ्यायचो. अजान संपली की तो "तर मी म्हणत होतो" म्हणून पुढं चालू. हे कधी ठरलं, कुणी ठरवलं, मला ठाऊक नाही, कुठंही लिहिलेलं नव्हतं. पलीकडूनही तसंच असायचं. आमची जयंतीची मिरवणूक निघाली की मशिदीसमोर सरबताचं पिंप लावलेलं असायचं आणि तिथली तकरीर, म्हणजे प्रवचन, तेवढा वेळ थांबलेली असायची. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत या गावानं जे भोगलं, त्यानंतर अशा न लिहिलेल्या गोष्टी आम्ही जास्तच जपायला लागलो. त्या वर्षी आमच्या दुकानाशेजारी जे जळलं, त्याचा वास मला अजून मधूनच येतो.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. निवडणूक तोंडावर आली होती आणि या खेपेला आप्पांचं तिकीट अगदी हातातोंडाशी आलं होतं. मुंबईहून पक्षाचे एक बडे वक्ते येणार होते. त्यांचं नाव लिहीत नाही, आम्ही सगळे त्यांना साहेब म्हणायचो, तेच इथं म्हणतो. तिकिटांच्या बाबतीत साहेबांचा शब्द चालायचा. जिल्ह्यातून स्पष्ट निरोप होता की सभा गाजली, साहेब खूश झाले, की आप्पांचं नाव पक्कं. आणि सभेचा वार ठरला शुक्रवार. मुंबईतल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं होतं की शुक्रवारी कामगार मोकळे, गर्दी आयती.

आप्पा वार बदलून घ्यायला मुंबईला जाऊन आले. आले ते थेट माझ्या दुकानात.

"साहेबांना दुसरा वार न्हाय," म्हणाले. "दुपारी सभा घेऊ. ऊन असतानाच आटपू. सांजची मगरिबची अजान व्हायच्या आत साहेब गाडीत बसले पायजेत."

सभेच्या दिवशी दुपारपासून मैदान भरत गेलं. मैदानाच्या एका अंगाला रस्ता, रस्त्यापलीकडं मशीद. मी सगळे भोंगे मैदानाकडं तोंड करून बांधले. तेवढ्यात साहेबांच्या लोकांपैकी एक तरणाबांड कार्यकर्ता आला आणि मशिदीकडं बोट दाखवून म्हणाला, "त्या बाजूलाही दोन लावा. त्यांनाही ऐकू दे." मी आप्पांकडं बघितलं. आप्पा म्हणाले, "लाव." तो गेल्यावर माझ्या कानाशी आले. "बांध. वायर जोडू नको."

मी दोन मुके भोंगे मशिदीकडं तोंड करून बांधले. लूम बंद असताना त्याचा तसा काही उपयोग नव्हता, पण तेवढंच मनाला बरं वाटलं.

साहेबांचा पत्ता नव्हता. कळलं, की काल्हेरला गोदामांच्या ट्रकांनी रस्ता अडवलाय आणि गाडी मध्येच अडकलीय. स्थानिक वक्ते एकामागून एक बोलून संपले. सूर्य खाली यायला लागला. आप्पा खुर्चीत बसून सारखे आभाळाकडं बघत होते. टेबलावर सत्काराचं तबक तयार होतं, शाल, नारळ, मोठा हार. खाली कार्यकर्त्यांची रांग होती, प्रत्येकाच्या हातात स्वतःच्या खर्चानं आणलेला हार. साहेबांच्या गळ्यात हार घालतानाचा फोटो घरात लावायला मिळतो, त्यासाठी माणूस दुपारपासून उन्हात उभा राहतो.

शेवटी गाड्या आल्या. साहेब स्टेजवर चढले, घड्याळ बघितलं आणि जिल्ह्याच्या माणसाला म्हणाले, "सत्कारबित्कार काही नको. डायरेक्ट भाषण." खाली रांगेतले चेहरे पडले. हार हातातच राहिले.

साहेब बोलायचे झकास, खोटं का सांगू. पहिल्या पाच वाक्यांत मैदान मुठीत. पण आम्हा गावच्या माणसांना लगेच कळलं की गाडी कुठं चाललीय. एकेक वाक्य तापत गेलं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. आवाज शांत गावावरून लांबलांब जात होता, मला तो पलीकडच्या भिंतींवर आपटून परत येताना ऐकू येत होता. फौजदारानं काठी दोन्ही हातांत धरली होती. रस्त्यापलीकडं माणसं नमाजाला निघाली होती, ती चालता चालता थांबायला लागली.

आणि अजान सुरू झाली.

सवयीनं माझा हात बटणाकडं गेला, मी आवाज जरा खाली घेतला. साहेबांना ते लगेच जाणवलं. ते माझ्याकडं वळले. त्या क्षणी सगळं मैदान माझ्याकडं वळलं.

"का रे? थांबायचं का आपण?" त्यांनी मैदानाला विचारलं. मैदान ओरडलं, "नाही!" "मग माईकवाले, आवाज वाढवा! आज वाढवायचाच!"

पलीकडं थांबलेली माणसं आता एकमेकांजवळ सरकत होती. मैदानातली शंभरेक पोरं रस्त्याच्या बाजूच्या दोरखंडापाशी आली होती. आवाज वाढवला तर काय होईल ते मला दिसत होतं. न वाढवावा तर ती पोरं आधी माझ्यावरच चढणार. मला एकच सुचलं. मी मशीनच्या मागं हात घातला आणि फ्यूज चिमटीत धरला. तोंडात शब्द तयारच होते.

धरल्या धरल्या मी आप्पांकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडं, जनरेटरच्या दिशेनं बघत होते. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्यांनी मान हलवली. नाही.

मला काही समजेना. मी वळून बघितलं, तर इक्बाल जनरेटर सोडून पार लांब, ट्यूबलाईटच्या खांबाखाली जाऊन उभा. चालू जनरेटर सोडून कुणी जातं का! मला त्याही स्थितीत त्याचा भयंकर राग आला.

मी फ्यूज सोडला. आवाज वाढवलाही नाही. साहेब माझ्याकडं बोट रोखून पुन्हा काहीतरी म्हणणार, तेवढ्यात आप्पा उठले.

त्यांनी तबकातली शाल उचलली, झटकून उघडली, आणि साहेब वाक्याच्या मध्यावर असताना मागून त्यांच्या खांद्यांवर घातली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल पडली की टाळ्या वाजवायच्या, हे आपल्या लोकांच्या हाडात आहे. आप्पांनी नारळ साहेबांच्या एका हातात दिला, मोठा हार गळ्यात घातला, आणि माझ्याकडं बघून तळवा खाली केला. सत्कार चालू असताना माईक बंद ठेवायचा, नाहीतर हारांची खसफस भोंग्यातून लोकांच्या कानात जाते, हा आमचा नेहमीचा नियम. मी माईक बंद केला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

मग आप्पांनी स्टेजच्या कडेला येऊन खालच्या रांगेला दोन्ही हातांनी बोलावलं.

मी आयुष्यात पुष्कळ गर्दी बघितली, पण अशी नाही. दोरखंडापाशी गेलेली पोरंसुद्धा पाठ फिरवून धावली, कारण त्यांच्याही हातात हार होते. जिन्यावर रेटारेटी, फोटोग्राफरच्या नावानं हाका, "दादा, माझा घे, माझा घे!" साहेबांच्या गळ्यात हारावर हार पडत गेले, हनुवटी बुडाली, मग ओठ. कॅमेरा समोर म्हटल्यावर साहेबांना हसणं भाग होतं. ते हसत होते आणि त्यांचे डोळे आप्पांना शोधत होते. आप्पा एकेकाला हाताला धरून पुढं करत होते, नाव सांगत होते, कुणाचा बाप कोण तेही सांगत होते.

अजान शेवटपर्यंत झाली. शांत गावात ती स्पष्ट ऐकू आली. पलीकडची माणसं थोडा वेळ इकडं बघत राहिली, मग एकेक करून आत गेली. फौजदारानं काठी काखेत घेतली.

शेवटचा हार पडल्यावर आप्पांनी स्वतः माईक साहेबांपुढं धरला. "बोला साहेब."

साहेब बोलले, पण आता त्यात जीव नव्हता. अर्धे लोक फोटो कसा आला असेल याच्या चर्चेत होते. त्यांनी लवकरच आटोपतं घेतलं. स्टेजच्या जिन्यापाशी माझं मशीन होतं. तिथं थांबून एकेक हार काढत ते आप्पांना म्हणाले, अगदी गोड आवाजात, "सत्कार छान केलात आप्पा. लक्षात ठेवू आम्ही."

"साहेब, पाव्हन्याला तसाच लावून देत न्हाईत आमच्याकडं," आप्पा म्हणाले.

गाड्या गेल्यावर मी आधी इक्बालकडं गेलो आणि त्याला वाटेल तसं बोललो. चालू जनरेटर सोडून गेलास, काही झालं असतं म्हणजे? तो ऐकून घेत वायरी गुंडाळत राहिला.

तिकीट काल्हेरकडच्या एका गोदामवाल्या तरुणाला मिळालं. बातमी आली त्या दिवशी आप्पांच्या ओटीवर लोक दुखवट्याला यावेत तसे येऊन बसले आणि उठून गेले. मी मागं राहिलो. आप्पा चहा बशीत ओतून घेत होते. मला राहवलं नाही.

"आप्पा, तुम्ही मला का अडवलंत? फ्यूज ओढला असता तर सगळं तिथंच थांबलं असतं. तुमच्यावर बोट आलं नसतं. आज तिकीट या घरात असतं."

आप्पांनी बशी खाली ठेवली.

"फ्यूज वढला का तू काय वरडतोस?"

"जनरेटर बसला."

"आनि जनरेटर कुनाचा?"

"इक्बालचा."

"अजान चालू, मंग साहेबांचा आवाज गेला, आनि तू वरडनार जनरेटर बसला," आप्पा म्हणाले. "समदं मैदान तिकडं वळलं असतं. तिथं तो एकटा हुता."

त्यांनी बशी उचलली. माझ्या जिवाभावाच्या माणसाचं नाव ओरडायला मी तोंड उघडलं होतं, आणि हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. आप्पांना पुढं कधीच तिकीट मिळालं नाही. ते नगरसेवकच राहिले आणि शेवटपर्यंत लोकांच्या गटारांत डोकावत राहिले. एवढं मोठं जे हवं होतं ते त्यांनी एका शालीच्या घडीबरोबर सोडून दिलं, आणि त्याबद्दल कुणापाशी अवाक्षर काढलं नाही, माझ्यापाशी काढलं ते मीच उकरलं म्हणून.

तिथून मी तडक इक्बालकडं गेलो. तो बॅटरीत पाणी घालत होता. मी सगळं सांगितलं, माफी मागायला लागलो, तर त्यानं मला थांबवलं.

"मुझे तो उसी वक्त समझ में आ गया था, गौतमभाई. तेरा हाथ मशीन के पीछे गया, मैंने देखा. इसीलिए मैं लाइट के नीचे जाके खड़ा हो गया. सबको मेरे दोनों हाथ दिखने चाहिए थे."

"मग मी तुला नंतर एवढं बोललो, तेव्हा सांगितलं का नाहीस?"

इक्बालनं बॅटरीचं झाकण लावलं आणि हात पुसले.

"अच्छा लगा था, यार. उस दिन पूरे मैदान में मैं मुसलमान था. तू गाली दे रहा था, तो लगा, चलो, एक आदमी के लिए तो अभी भी जनरेटरवाला हूँ."